दोन उघड्या गाड्या

२४ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. दसरा

गाडी आली. कारखान्याच्या मीटिंगांची टिपणं सोडली तर स्वतःसाठी मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. आज लिहावंसं वाटलं, म्हणून ही वही आणवली.

जर्मन आहे. दोनच सीटा. बटण दाबलं की टप घडी होऊन मागं जाऊन बसतो आणि डोक्यावर थेट आभाळ. रंग गर्द लाल. वच्छलानं ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर आपट्याची पानं ठेवली आणि मग हळूच विचारलं, "अहो, नातवंडं आली की कुठं बसवायची?"

मी म्हणालो, "त्यांनी यात बसायचंच नाही."

ती हसली. मग टप कसा उघडतो ते पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. कुठलं बटण, ब्रेकवर पाय ठेवायचा का, सगळं विचारलं. बायकांना या गोष्टींची नवलाई.

जालना रोडनं क्रांती चौकापर्यंत गेलो. सिग्नलला एक मोटारसायकलवाला शेजारी थांबला, गाडी खालून वरपर्यंत बघितली आणि म्हणाला, "काका, ॲव्हरेज काय देती?" माझी छाती इतकी फुगली होती की आवाजच निघाला नाही.

पण शहरानं बघावी म्हणून मी ही घेतलेली नाही. दादांनी बघावी म्हणून घेतली. इथं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकतो.

आमच्या घरात आधीपासून एक टू-सीटर आहे. देवगाव रंगारीला, रामकिसनदादांच्या शेडमध्ये. पोलीस ॲक्शनच्या आधी ती एका जहागीरदाराची होती आणि आमचे वडील पुंजाराम त्याचे कूळ होते. ती रस्त्यानं आली की कुळांनी बाजूला होऊन मान खाली घालून उभं राहायचं, मग दिवसभर अंगावरची धूळ झटकायची. निजामाचं राज्य गेलं, मागोमाग जहागीर गेली, जहागीरदार हैदराबादला निघून गेला. गाडी गवताच्या गंजीआड पडून राहिली. वडिलांनी त्या साली बैलजोडी घ्यायची ठरवली होती. ती राहिली आणि कापसाच्या बदल्यात गाडी घरी आली. जहागीरदाराचाच जुना ड्रायव्हर फकिरा, त्यानं वडिलांना ती चालवायला शिकवली. शिकल्यावर पहिलं काम काय केलं, तर आमची आई आवडाबाई हिला शेजारी बसवून शहागंजात नेलं, भर बाजारात गाडी उभी केली आणि लुगडं घेतलं. आई सांगायची, "लोक लुगडं बघंनात, मलाच बघाया लागले." टप कधीच कुजून गेला होता, म्हणून गावानं गाडीचं नावच 'उघडी' ठेवलं.

वडील जाताना चावी दादांच्या हातात देऊन गेले. मी इंजिनीअर. गाड्यांचेच सुटे भाग बनवणारा कारखाना वाळूजला माझा. आणि उघडीच्या स्टिअरिंगला मी आजवर हात लावलेला नाही. मागितलीही नाही. मागणारही नाही.

रविवारी नवी घेऊन देवगावला जातो. बघू दादा काय म्हणतात.

२९ ऑक्टोबर, रविवार

दादा काही म्हणाले नाहीत.

सकाळी टप उघडा टाकून निघालो. दौलताबादच्या दरवाजातून काढताना दोन्ही बाजूंचे सेन्सर ओरडायला लागले, श्वास रोखून काढली. वेरूळच्या पुढं रस्ता मोकळा. गावात शिरलो तर पोरं मागं धावली. दादा ओसरीवर खाटेवर बसले होते, तोंड माझ्याकडंच.

"दादा, आणली बघा!"

"ऐकलं," दादा म्हणाले.

एवढंच. मग उठले, गाडीजवळ आले. नडगी बंपरला ठोकली, तरी हूं की चूं नाही. बॉनेटवर तळहात ठेवला आणि चाकावरून, दारावरून, मागच्या दिव्यापर्यंत बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवत नेला. पुन्हा पुढं आले. म्हणाले, "रंग कोंचा रं?"

भर उन्हात गाडी समोर उभी. मी म्हणालो, "दादा, लाल आहे. दिसतोय की."

"लाल. बरंय. झ्याक असंल."

असंल! एक चक्कर मारू म्हणालो तर "आज नगं, ऊन लई हाय" म्हणाले. जन्मभर उन्हात राबलेला माणूस. मला टोमणा कळत नाही असं त्यांना वाटतं.

जेवताना द्वारकावहिनी शेजारी बसून सांगत होत्या, "भाकर उजव्या अंगाला हाय, ठेचा वरल्या बाजूला." या वयात नवऱ्याला तान्ह्या लेकरासारखं वाढतात. लाडावून ठेवलंय त्यांनी दादांना.

निघताना शेडमध्ये डोकावलो. उघडी तशीच. गर्द हिरवी, बॉनेटवरून आवळलेला चामडी पट्टा, मागं उभं लावलेलं जादा चाक. पितळेवर तोंड दिसेल इतकी लख्ख. वहिनी म्हणाल्या, "रोज पुसत्यात. पण पाडव्यापसून भायेर काढली नाय." मी विचारलं का. वहिनींनी दादांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चहा टाकू का भावजी?"

परत येताना वेग नको इतका ठेवला.

८ नोव्हेंबर, बुधवार

सीटचा घोटाळा आहे. सकाळी बसलो तर सीट पार पुढं सरकलेली, गुडघे स्टिअरिंगला लागले. आतला आरसाही खाली झुकलेला. शोरूमला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "सर, गाडी दोन माणसांचं सेटिंग लक्षात ठेवते. घरात अजून कुणी चालवतं का?"

मी म्हणालो, "कोण चालवणार? मी ड्रायव्हरलासुद्धा चावी देत नाही."

तो "बघतो सर" म्हणाला. जर्मन गाडी, आणि हे असं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुकुंदराव घरी आले होते. निवृत्त प्राध्यापक, शहरातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाचे सचिव. दर जानेवारीला हे लोक जुन्या गाड्या घेऊन अजिंठ्याच्या बाजूला जातात. यंदा त्यांच्या डोक्यात नवीन आलंय. एकाच जातीची एक जुनी आणि एक नवी अशा जोड्या लावायच्या, दोन्ही एकाच रस्त्यानं फर्दापूरपर्यंत न्यायच्या आणि तिथं लोकांसमोर सांगायचं, कोणती सरस.

"काकासाहेब, अख्ख्या जिल्ह्यात जुनी उघडी टू-सीटर तुमच्या बंधूंकडे. नवी तुमच्याकडे. एका घरातली जोडी! याहून चांगलं काय?"

वच्छला चहा घेऊन आली होती. तिनं विचारलं, "दोन गाड्या म्हणजे दोन चालवणारे लागतील ना?"

"अर्थात. दादासाहेब जुनी, काकासाहेब नवी."

मी लगेच हो म्हटलं. अजिंठ्याच्या घाटात, सगळ्यांच्या देखत, उघडीच्या पुढं निघून जायचं. याच्यात वाईट काय आहे? सख्ख्या भावाला मागं टाकायचं, इतकंच.

१९ नोव्हेंबर, रविवार

दादांना विचारायला गेलो.  वहिनी तूर निवडत होत्या, त्यांचे हात थांबले.

दादा म्हणाले, "गाडी येईल. पण चालवणार तू."

"मी? उघडी?"

"व्हय. मी शेजारी बसंन."

आणि कमरेची चावी सोडून पुढं केली. हात माझ्या हाताच्या जरा बाजूलाच आला, मीच पुढं होऊन घेतली.

काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. इतक्या वर्षांनी चावी हातात आली, आणि तीही पहारेकऱ्यासकट. शेजारी बसणार म्हणजे भरवसा नाहीच.  वच्छलाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग दर रविवारी शिकायला जात जा. दिवसभर गेलात तरी चालेल." एरवी रविवारी कुठं गेलो की कुरकुर करते.

२६ नोव्हेंबर, रविवार

लाज गेली माझी. हजारो गाड्यांत माझे भाग आहेत आणि मला उघडी पारावरून ओढ्यापर्यंत नेता आली नाही.

आधी हँडल मारून सुरू करायची. अंगठा वेगळा ठेवायचा नाही, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो. स्टिअरिंग पोटाला टेकतं. दार इतकं खाली की हात लोंबकळला तर रस्त्याला लागेल. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मधे थोडी हवा द्यायची. चुकलं की पिठाच्या गिरणीत खडा पडल्यासारखा आवाज. ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करते.

माझ्या नव्या गाडीत यातलं काही नाही. पाय ठेवला की पळते, पाय ठेवला की थांबते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तर हात धरून परत आणते. थंडीत मानेवर गरम वारा सोडते. मी दादांना हे सगळं सांगितलं.

दादा म्हणाले, "मंग तुला काय काम उरतं?"

मी म्हणालो, "बसायचं."

ते खळखळून हसले. फार वर्षांनी असे हसले.

शिकवतात मात्र उत्तम. डोळे मिटून बसतात, मान जरा कलती. "दम लागलाय तिला, खालचा गिअर घे." "आता सोड. सोड! हां." माझ्या पायाकडं, हाताकडं एकदाही बघत नाहीत. मी कसा चालवतो ते बघवत नसावं.

एक लिहायलाच हवं. ओढ्याच्या पुढं सरळ रस्ता आहे. तिथं एकदा चौथा गिअर बिनआवाजाचा पडला. काट्यावर वेग चाळीसच्या आसपास असेल. नव्या गाडीत चाळीसला मी घड्याळ बघतो. इथं डोळ्यांत पाणी आलं, कानात वारा, बुडाखाली सगळा रस्ता कळत होता. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

६ डिसेंबर, बुधवार

पुन्हा सीट. शिवाय खाली केसांचा आकडा सापडला. गाडी धुणाऱ्याच्या हातून पडला म्हणावं तर त्याला केसच नाहीत. शोरूमवर लेखी तक्रार टाकतो म्हणालो, तर वच्छला म्हणाली, "कशाला बिचाऱ्यांना त्रास? होईल सवय."

१० डिसेंबर, रविवार

आज वाईट झालं असतं.

देवगावच्या बाहेर तिठा आहे. एका बाजूला ऊस उभा, मला डावीकडचं दिसत नव्हतं. दादा त्या बाजूला बसलेले. मी विचारलं, "मोकळं आहे का?" दादांनी मान वळवली, क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "हाय, घे."

मी घेतली. उसाच्या आडून बैलगाडी पुढं आली. कापसानं भरलेली, धावांना रबर लावलेली, बैलांच्या गळ्यात घुंगरू नाही, काही आवाज नाही. मी ब्रेकवर उभाच राहिलो. बैलाच्या तोंडाची वाफ बॉनेटवर आली इतक्या जवळ थांबलो. गाडीवान कडूबा ओळखीचा निघाला, "जपून सायब" म्हणून गेला.

मी दादांवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "केवढी कापसाची गाडी! दिसली नाही तुम्हाला?"

दादा म्हणाले, "नाय. नाय दिसली."

इंजिन बंद पडलं होतं. कुठं काही आवाज नव्हता.

"किती दिसतं, दादा?"

"मधी थोडं. नळीतून बघावं तसं. कडंचं समदं गेलं. आता मधलंबी चाललंय. डाक्टर म्हंतो, गेलेलं येत नाय."

सगळं आठवलं. तो हात फिरवणं, तो रंग विचारणं, ती भाकर उजव्या अंगाला. आणि मी या वहीत काय काय लिहून बसलोय.

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू धा डाक्टर आणले असते आन् गाडी चालवू दिली नसती. पाडव्याला मी सोताच सोडली. गायीच्या वासराला धक्का लागला. मेलं नाय. पण तवाच ठरवलं."

गाडी ढकलून बाजूला लावली. मग हँडल मारलं, आणि दोघं घरी आलो. रस्ताभर मी समोर दिसेल ते बोलत राहिलो. "डावीकडं बाभूळ. पुढं दोन बाया, डोक्यावर मोळी." दादांनी थांबवलं नाही.

१७ डिसेंबर, रविवार

आठवडाभरात शहरातल्या दोन डोळ्यांच्या डॉक्टरांना दादांचे कागद दाखवले. दोघांनी तेच सांगितलं. आहे तेवढं टिकवायला थेंब घालत राहायचं.

फर्दापूरचं रद्द करतो असं मी दादांना सांगायला गेलो होतो. ते भडकले. "रद्द कशापायी? मला जायचंय. गाडीत बसून जायचंय. फुडल्या वर्साला काय दिसंल कुणाला ठावं."

मग आज मी विचारलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. "दादा, वडिलांनी चावी तुम्हालाच का दिली? मी इंजिनीअर होतो."

दादांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुला ठावं नाय? म्हातारा म्हनला, 'रामकिसन, ही तू ठेव. काकासायबाला देऊ नगंस. ही दुसऱ्याची, मी हिसका दावाया घेतलेली. त्यो सोताची आणंल.'"

"असं म्हणाले?"

"आन् काय. म्हून तर मी तुझी हात लावून बघितली समदी. म्हाताऱ्याच्या वाट्याचीबी."

वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "त्या दिशी तुम्ही गेल्यावर गावभर सांगत फिरले, लाल हाय, लाल हाय म्हून."

पुढचं लिहीत नाही.

२१ डिसेंबर, गुरुवार

अडचण अशी की मी उघडी चालवणार, तर नवी कोण नेणार? कारखान्याच्या मॅनेजरला विचारायचं मनात होतं. रात्री जेवताना वच्छलाला म्हणालो.

ती म्हणाली, "मी नेईन."

मी हसलो. तिनं ताटात हात धुतला, फडक्याला पुसला आणि म्हणाली, "चला."

किल्ली कुठं असते हे तिला ठाऊक होतं. सीट आपोआप पुढं सरकली, आरसा खाली झुकला. मी शेजारी बसून ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत होता. छावणीतून तिनं गाडी अशी काढली की पोटातलं पाणी हललं नाही. नगर नाक्याला एका रिक्षावाल्यानं मधे घुसवली, तर ही शांतपणे मागं झाली आणि त्याला जाऊ दिलं. मी असतो तर काच खाली केली असती.

"कधी शिकलीस?"

"लायसन आहे माझं. मुंबईला पोरीकडं राहायचे तेव्हा काढलं. तुम्ही म्हणायचात, घरात ड्रायव्हर असताना तुला कशाला. मग नाही बोलले. तुम्ही कारखान्यात गेलात, रविवारी देवगावला गेलात की तुमची ती गाडी नसते का घरी? तुम्ही जाता मोठ्या गाडीनं."

"आणि मी शोरूमवाल्यांना शिव्या घातल्या ते?"

"त्या मुलाला मीच सांगितलं होतं, साहेबांना बोलू नका म्हणून. चांगला मुलगा आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. जालना रोडच्या दिव्यांखाली तिचा पदर वाऱ्यानं उडत होता आणि एका हातानं तो खोचून ती दुसऱ्या हातानं वळण घेत होती. सगळा रस्ता बघत होता. गाडीला नव्हे, तिला.

८ जानेवारी २०२४, सोमवार

काल फर्दापूर झालं. आज कारखान्यात गेलो नाही. सगळं लिहून काढतो.

शनिवारीच मी उघडी चालवत दादांना घरी आणलं होतं, कोसा फेटा आणि पांढरं धोतर सोबत. सकाळी निघताना एक अडचण. आमच्याकडं घरातल्या सुना थोरल्या दिरासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नाहीत. वच्छला इतक्या वर्षांत दादांसमोर डोक्यावर पदर घेऊन दाराआडून बोलत आली. काल ती त्यांच्या देखत लाल गाडीच्या स्टिअरिंगवर बसायची होती. पदर घेतला होता, त्यावर वाऱ्यासाठी आणलेली टोपी बसेना. दादांनी तिची चुळबूळ ऐकली असावी. म्हणाले, "वच्छलाबाई, पदर आवळून बांधा. चाकात जाईल."

हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड. पुढं मुकुंदरावांची जुनी काळी सलून, मागं उघडी, तिच्या मागं लाल गाडी. थंडी मी म्हणत होती. दादा शालीत गुंडाळलेले, पण पुढची काच खाली पाडूनच ठेवायला लावली. मी दिसेल ते सांगत होतो. कपाशीची शेवटची वेचणी, मक्याचे ढीग, शाळेची पोरं हात करतायत. दादा त्या त्या बाजूला हात करत होते. कधी उशिरा, पोरं मागं पडल्यावर.

अजिंठा गाव मागं पडलं आणि घाटाचा उतार लागला. दादा म्हणाले, "आता बोलू नगंस. तिला ऐकू दे."

पहिली वळणं नीट गेली. मग पुढच्या वळणावर आलो तर मधोमध एक ट्रक उभा. बंद पडलेला, चाकांना दगड लावलेले. समोरून एसटी येतेय. मी ब्रेक दाबला. ब्रेक तापले होते. गाडी थांबायला तयार नाही, नुसती वास सोडत पुढं चाललेली.

"दादा, ब्रेक नाही!"

"सोड त्याला. दुसरा टाक. क्लच, हवा दे, टाक!"

हवा दिली, टाकला. खडखडला, बसला नाही. ट्रकचा मागचा फळा मोठा होत चालला.

"पुन्यांदा. जास्ती हवा. घाबरू नगंस, मी हाय."

क्लच. हवा. टाकला, आणि तो बसला. इंजिन किंचाळलं, उघडीनं खाली नाक दाबलं आणि वेग असा ओसरला जसा कोणी मागून कासरा ओढावा. हातब्रेक ओढला. ट्रकच्या मागं थांबलो. दादांनी हात लांब केला तर बोटं फळ्याला टेकली. "हं," म्हणाले, "जवळ आलाव."

आरशात बघितलं. वच्छलानं लाल गाडी रस्त्यावर तिरपी उभी केली होती, चारही दिवे लुकलुकत होते आणि ती स्वतः खाली उतरून, पदर कमरेला खोचून, मागून येणाऱ्या टेम्पोला दोन्ही हातांनी थांबवत होती. टेम्पो थांबला. एसटी खालून वर निघून गेली. मग तिनं ट्रकच्या क्लीनरला कुठं उभं राहायचं ते सांगितलं आणि आम्हाला बाजूनं काढून दिलं. मी तिच्याजवळून गेलो तेव्हा ती म्हणाली, "हळू जा. मी आहे मागं." दोन्हीकडून मला तेच ऐकायला मिळालं.

ब्रेक निवेपर्यंत थांबलो, मग दुसऱ्या गिअरवरच खाली उतरलो.

फर्दापुरात मांडव होता. गावची माणसं, लेणी बघायला आलेले पाहुणे, सगळे गाड्यांभोवती. मुकुंदरावांनी माईक माझ्या हातात दिला. "सांगा काकासाहेब, कोणती सरस?"

मी भाषण पाठ केलं होतं. दसऱ्यापासून पाठ होतं. ते बाजूला ठेवलं आणि खरं सांगितलं. म्हणालो, "घाटात ब्रेक लागतो तो नवीचा. आज माझ्या हाती ती असती तर मला घाम फुटला नसता. बसायला, पळायला, थांबायला नवीच सरस. जुनीत बसून दीडशे किलोमीटर जा, हाडं मोजून घ्यावी लागतात. पण घाटात उतरताना जुनी मी चालवली, असं मला आज म्हणता येतं. नवी चालवली असं मी कधी म्हणत नाही. मी नवीनं गेलो, असं म्हणतो." लोक हसले.  मग म्हणालो, "नवीचं नीट माझ्या बायकोला विचारा. ती चालवते."

वच्छलानं माईक घेतला. थोरला दीर समोर खुर्चीवर, शंभरेक माणसं. मला वाटलं परत देईल. ती म्हणाली, "नवी चांगली आहे. पण तुलना कशी करू? जुनी मला अजून कोणी चालवायला दिलेली नाही. दिली की सांगते."

मांडव हसला. टाळ्या पडल्या. त्यात दादा उठून उभे राहिले आणि आवाज आला त्या दिशेला तोंड करून म्हणाले, "रविवारी या देवगावला. मी शिकवतो."

वच्छला गोरीमोरी झाली. इतक्या वर्षांत दादा तिच्याशी सगळ्यांदेखत थेट बोलले ते कालच्या दिवशीच.

परतीला दादांनीच विचारलं, "वच्छलाबाई, मी बसू का तुमच्या शेजारी? लाल गाडी मला बघायची राहिलीय." तिनं दार उघडलं, पट्टा लावून दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू एकला आणशील ना तिला?"

"आणीन."

"आण मंग."

घाट चढेपर्यंत लाल गाडी माझ्यापुढं हळूहळू चालली होती. माळावर आल्यावर दादांचा हात वर गेलेला दिसला, पुढं जाऊ दे असा. वच्छलानं गाडी सोडली. बघता बघता ती लाल ठिपका झाली आणि वळणाआड गेली. घाटात उघडीला मागं टाकायचं मीच ठरवलं होतं. टाकलं ते असं. मी मोठ्यानं हसलो. मग शेजारची सीट रिकामी आहे हे ध्यानात आलं, आणि आता कुणी सांगणार नाही, मलाच ऐकायला हवं. ऐकलं. दम लागला की खाली घेतलं. कुठं खडखडलं नाही.

सिल्लोडच्या अलीकडं एका टपरीवर ते दोघं थांबले होते. पुढचं मी बघितलं नाही, वच्छलानं रात्री सांगितलं.

लाल गाडीभोवती गर्दी जमली होती. दादा बाकड्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, ही माझी भावजय, अशी पळवली, वाऱ्यानं फेटा सुटला, चार लोकांनी धरून बांधला. कोणी विचारलं, बाबा, चहा गार होतोय, प्या की. तेवढ्यात दादा एकदम गप्प झाले. कप खाली ठेवला. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. रस्त्यावर अजून काही दिसत नव्हतं, कोणाला काही ऐकूही येत नव्हतं.

ते उठले, फेटा नीट केला आणि म्हणाले, "सरका, जागा करा. माझा भाऊ येतोय."